दोन हिरवे बांबू

सातपाटीत मासे मारायला काठी लागत नाही. बोट लागते, जाळं लागतं, आठ-दहा माणसं लागतात. अशा गावात मी अकरा वर्षं हौसेने गळाच्या काठ्या बनवतोय. मला वेड्यात काढायला गावाला आणखी काय हवं होतं?

सगळ्यात पुढे आमचा दादाच. विश्राम तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, चाळीस वर्षं बोटीवर काढलेला. मी पडवीत काठी घेऊन बसलो की तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "आमच्या शैलेशच्या काठीला एक मासा लागंपर्यंत माझी बोट दर्यात जाऊन परत येते!" लोक हसायचे, मीही हसायचो. पण माझं काम बघायला रोज तोच येऊन बसायचा, आणि दोऱ्याचा एखादा वेढा वाकडा पडला तर मला दिसायच्या आधी त्याला दिसायचा.

माझी नोकरी बोईसरला, मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि वेढे मोजून नवी भरायची. बोटं त्यात तयार झाली आणि काठीचा नाद त्यातूनच लागला. काठीलाही वेढेच असतात, फक्त तारेऐवजी दोरा. कार्बनची पोकळ नळी कुरियरने येते. तिच्यावर दोरी जायच्या कड्या बसवायच्या, बारीक दोऱ्याने वेढ्याला वेढा चिकटवून बांधायच्या, वर रेझिनचा हात द्यायचा. रेझिन सुकेपर्यंत काठी सावकाश फिरत ठेवावी लागते, नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं. त्यासाठी मी मायक्रोवेव्हच्या ताटलीची जुनी मोटर लावलीय. मूठ मात्र माणसाच्या मापाची. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक माप, आणि टाळूपासून टाचेपर्यंत दुसरं, कारण काठीची लांबी माणसाच्या उंचीवर ठरते. माप घेतल्याशिवाय मी कुणाची काठी केलेली नाही. याचा मला गर्व होता. आता सांगायला लाज वाटते.

गेल्या वर्षी नारळी पुनवेनंतरच्या तिसऱ्या खेपेला दादाला बोटीवर लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उरला एकच शब्द. 'ओढ.' जाळं खेचताना तांडेल खलाशांना जो शब्द ओरडून सांगतो, तो. पाणी हवं असलं तरी ओढ, कूस बदलायची असली तरी ओढ. सुरुवातीला वयनी, म्हणजे त्याची बायको काशीबाई, पदर तोंडात धरून रडायची. मग तिला त्या एका शब्दाचे वीस अर्थ कळायला लागले.

पालघरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "डावा हात उत्तम आहे, डोकं शाबूत आहे. बोलता येत नाही एवढंच, समजतं त्यांना सगळं. हाताला काहीतरी काम द्या आणि खाणं तुटू देऊ नका. खात राहिले तर दहा वर्षं काढतील. सोडलं तर दोन महिने."

समजतं त्यांना सगळं. हे वाक्य मी ऐकलं. मान हलवली. आणि सोडून दिलं.

दादा खात होता तेव्हा. दिवाळीपर्यंत त्याला धरून ओट्यावर बसवता येत होतं. डाव्या हाताने पेज प्यायचा, अर्धी अंगावर सांडायचा आणि सांडली की स्वतःवरच चिडायचा. चिडणारा माणूस जगतो, असं वयनी म्हणायची. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की दादाला एका हाताने धरता येईल अशी काठी करायची. मूठ लांब, तिला कोपराजवळ पट्टा, रीळ डाव्या अंगठ्याखाली. जेट्टीवर खुर्ची टाकून द्यायची, बसू दे गळ टाकून गरवत. तांडेलाच्या हातात गळ दिला म्हणून लोक हसतील, हसू दे.

कार्बनच्या नळीला दादा 'काळा पाइप' म्हणायचा, हात लावायचा नाही. लहानपणी खाडीवर त्यानेच मला पहिली काठी करून दिली होती, बांबूची. म्हणून मी ठरवलं, बांबूचीच करायची. आणि त्याला सांगायचं नाही. तयार झाली की एकदम हातात द्यायची. वयनीकडून तसं वचनच घेतलं.

दुकानात माझ्याबरोबर बुधा काम करतो. मनोरच्या आतल्या पाड्यावरचा. त्याच्या घरामागे भरीव बांबूचं बेट आहे. अवसेच्या अंधारात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असं त्याने सांगितलं आणि कार्तिकातल्या अवसेला दोन बांबू तोडून ठेवले. एक काठीसाठी, दुसरा पहिला तडकला तर. सरळसोट, साडेसात फुटांचे, हिरवेगार. आम्ही ते मोटरसायकलला आडवे-तिरके बांधून आणले.

गावात शिरलो आणि पहिल्याच वळणावर एका म्हाताऱ्याने टोपी काढली. "कोण गेला रे?"

"कोणी नाय. काठी करायचीय," मी म्हणालो.

पुढे नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. त्यांनीही तेच विचारलं. घर येईपर्यंत पाच वेळा विचारलं. मला हसू आवरेना. बुधा हसत नव्हता. दारात उतरल्यावर हळूच म्हणाला, "शैलेशभाऊ, मी हे दुकानात ठेवले असते. इथं आजारी माणूस हाय."

"अरे, सगळी चौपाटी बांबूंनी भरलीय. बोंबील कशावर वाळवतात?"

वयनी बाहेर आली. तिने बांबू बघितले आणि जागीच उभी राहिली. "भावजी, बोंबलांचे बांबू पन्नास असतात. वाळके असतात. दारात दोन हिरवे बांबू कधी येतात, तुमाला नाय माहीत?"

माहीत होतं. मराठी माणसाला हे शिकवावं लागतं का? दोन हिरवे बांबू म्हणजे तिरडी. पण मी तार मोजणारा, रेझिनचं प्रमाण वजनकाट्यावर बघणारा माणूस. शकुन-अपशकुन मानत नाही, असं मी तिला ऐटीत सांगितलं. दादा मानतो का, हा प्रश्न मला पडलाच नाही. बांबू उभे करून, सावलीत, वारा लागेल असे वाळवावे लागतात. तशी जागा अंगणात एकच होती, दादाच्या खिडकीसमोरची. तिथे उभे केले.

त्या रात्री दादा जेवला नाही. भूक नसेल, असं आम्ही म्हणालो.

पुढचं सांगताना माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आठवड्याने मी माप घ्यायला गेलो. जागेपणी घेतलं तर गुपित फुटेल, म्हणून दुपारी तो झोपलेला असताना गेलो. पांढरा दोरा घेतला. कोपरापासून बोटांपर्यंत धरला, गाठ मारली. मग टाळूपासून टाचेपर्यंत सोडला, पायाशी वाकून दुसरी गाठ मारली. वर बघितलं तर दादाचे डोळे उघडे. माझ्याकडे, माझ्या हातातल्या दोऱ्याकडे बघत होता.

आणि मी काय केलं? ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला.

तो काही बोलला नाही. 'ओढ'सुद्धा नाही. भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर दोन घास, मग एक, मग नुसती पेज. वयनी चमचा धरून बसायची, तो दात आवळायचा. मला वाटायचं, माणूस खचलाय. ज्याच्या एका हाकेवर दहा जणांचे हात चालायचे, त्याला दुसऱ्याने भरवायचं म्हणजे काय होत असेल. यावर औषध एकच, काठी. लवकर करायला हवी. म्हणून मी जितकी घाई करत गेलो तितकं दादाने अन्न सोडलं. आणि जितकं त्याने सोडलं तितकी मी घाई केली.

महिन्याने बांबू पिवळसर झाले. कोणता घ्यायचा, ते मला ठरवता येईना. गावात बांबूची पारख पुंडलिकतात्यांना. चाळीस वर्षं गावातली प्रत्येक तिरडी त्यांनी बांधलीय. बांबू वाजवून सांगतात, आतून तडा आहे की नाही. मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी अंगणात उभं राहून एकेक बांबू बोटाच्या पेराने वाजवला, उचलून खांद्यावर तोलून बघितला आणि म्हणाले, "दोनी चांगले हायेत. वजन घेतील." मी त्यांना चहा दिला. खिडकीतून दादा बघत होता. मी त्याला हात केला.

वीस पावलांवरून मी त्याला हात केला, हसत.

पौषात मी बांबू शेकायला काढला. विस्तवावर सावकाश फिरवून शेकला की उरलंसुरलं पाणी निघून जातं, बांबू कडक होतो. शेगडीचा जाळ एका ठिकाणी लागतो. गोवऱ्यांचा विस्तव मडक्यात धरला की आच चारी बाजूंनी सारखी लागते, हे मी स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याची मला फुशारकी होती. अंगणात मडकं मांडलं, गोवऱ्या पेटवल्या. धूर निघाला.

वयनी घरातून धावत आली आणि तिने हंडाभर पाणी त्या मडक्यावर ओतलं. मडकं तडकलं.

"भावजी, तुमाला डोळे हायेत का नाय? बांबू झाले, दोरा झाला, पुंडलिकतात्या येऊन गेले, आता मडक्यात विस्तव! त्यांच्या समोर! दोन दिवस पाण्याशिवाय पोटात कायच नाय त्यांच्या. मी आज सांगते त्यांना, काठी हाय म्हणून."

मीही चिडलो. राखेचा चिखल अंगावर उडाला होता. "आता सांगाल तर दीड महिन्याची मेहनत फुकट. आठ दिवस थांबा वयनी. फक्त आठ दिवस. काठी हातात पडू दे, मग बघा कसे जेवतात ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. वयनीने उभ्या आयुष्यात कुणाला दिलेला शब्द मोडलेला नाही. बाजारात मासळी विकतानासुद्धा एकदा बोललेला भाव ती बदलायची नाही. ती आत गेली आणि गप्प राहिली. माझ्यासाठी. तो दोष तिच्यावर कोणी ठेवू नये. आठ दिवस मी मागितले होते.

बांबू मी बोईसरला दुकानामागे नेऊन शेकला. रजा टाकली. गाठी तासल्या, सरळ केला, कड्या बसवल्या. निळा दोरा, मधे पिवळ्याची एक रेघ, दादाच्या बोटीच्या रंगाची. असे वेढे माझ्या हातून कधी पडले नव्हते. मुठीच्या वर पांढऱ्या शाईने नाव लिहिलं, 'विश्राम', आणि त्यावर रेझिनचा हात दिला, म्हणजे खाऱ्या वाऱ्यानेही पुसायचं नाही. आयुष्यात केलेल्या साठेक काठ्यांत ही सगळ्यात चांगली. हे मी आजही म्हणतो.

आठव्या दिवशी सकाळी मी ती घेऊन दादाकडे गेलो. त्याच्या गालांची हाडं वर आली होती. मी त्याला उशीला टेकवून बसवलं. वजनच लागलं नाही. कोपराचा पट्टा बांधला, मूठ डाव्या हातात दिली, बोटं मी मिटवली. माप अगदी नेमकं होतं.

"दादा, तुझ्यासाठी केली. जेट्टीवर जाऊ उद्या."

त्याने काठी बघितली. अंगठा दोऱ्याच्या वेढ्यांवरून फिरवला, नेहमीसारखा, चूक शोधत. चूक नव्हती. मग नाव वाचलं. मग बराच वेळ काठीच्या पेरांकडे बघत राहिला, जिथे मी गाठी तासल्या होत्या. मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. तिथे आता एकच बांबू उभा होता. पुन्हा काठीकडे बघितलं.

त्याने मुठीवरून एक बोट उचललं. बांबूकडे दाखवलं. मग ते बोट काठीवर टेकवलं. मग माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मला कळलं. एका झटक्यात सगळं कळलं. दीड महिना हा माणूस खिडकीतून स्वतःची तिरडी वाळताना बघत होता, आणि मी रोज तिच्यावर हात फिरवून नीट वाळतेय ना ते बघत होतो. झोपेत त्याचं माप घेतलं आणि वर डोळा मारला. तिरडी बांधणाऱ्याला घरी बोलावून चहा पाजला. त्याला विचारताही येत नव्हतं. एक शब्द होता त्याच्याजवळ, आणि त्या शब्दात हे विचारता येत नव्हतं. दादाने बोटीवर कधी कुणाला खोळंबून ठेवलं नाही. सगळे आपल्यासाठी थांबलेत, असं वाटलं त्याला. उशीर नको म्हणून त्याने खाणं सोडलं.

माझ्या तोंडून फक्त "दादा, नाय रे, नाय रे" एवढंच निघत होतं. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवून ओरडून रडलो.

आणि दादा हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. काठी वर-खाली हलवली, मासा लागल्यासारखी. "ओढ," म्हणाला. मग वयनीकडे बघून तोंड उघडलं.

वयनी धावली. तिने पेज आणली. एक चमचा, दोन, पाच. अर्धी वाटी गेली. तो आणखी मागत होता, घाईघाईने, एखादं लांबलेलं काम उरकून टाकावं तसा. वाटी संपायच्या आत ठसका लागला. सगळं नाकातोंडातून आलं, आणि काही छातीत गेलं.

पालघरला नेला. सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर मला म्हणाले, शरीर फार रिकामं झालं होतं, गिळायची ताकदच उरली नव्हती, आठ दिवस आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. आठ दिवस. त्यांना काय माहीत की हा आकडा माझा आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला. शेवटपर्यंत त्याला जगायचं होतं. डाव्या हाताने पलंगाची दांडी त्याने इतकी घट्ट धरली होती की नर्सला बोटं एकेक करून सोडवावी लागली.

घरी आणला. अंगणात गाव जमलं. पुंडलिकतात्या आले, त्यांनी उभ्या बांबूला हात लावला आणि विचारलं, "दुसरा कुठाय?"

मी घराच्या दाराकडे बघितलं. काठी आत खुंटीला टांगलेली होती. शेवटी कोणीतरी चौपाटीवरून बोंबलांचा एक वाळका बांबू घेऊन आलं. एक बुधाचा, एक तो. तात्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, कांब्या आडव्या टाकल्या आणि माझ्याकडे सुतळी फेकली. गावात बांधायला माझ्यासारखा हात कुणाचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी बांधायला बसलो. वेढ्याला वेढा लागत होता. वाकडा घालायचा म्हटलं तरी पडत नव्हता.

कांब्या कुठपर्यंत घ्यायच्या ते ठरवायला तात्या सुतळीचं टोक घेऊन दादाच्या डोक्याशी वाकले. "कोणीतरी पाय धरा, माप घेतो."

वयनी भिंतीला टेकून बसली होती. कपाळ पुसलेलं, डोळे कोरडे. "कशाला हात लावता आता त्यांना," ती म्हणाली. "माप भावजींकडं हाय."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता. तिला खरंच एवढंच वाटत होतं की त्याला आता कोणी हलवू नये.

मी उठलो. काठ्यांच्या सामानाच्या डब्यात, रिळांच्या खाली, तो पांढरा दोरा होता, दोन गाठींचा. मी तो आणून तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तिरडीवर ताणून धरला आणि त्याप्रमाणे कांब्या सारल्या. दादाला वर ठेवलं तेव्हा माप बरोबर निघालं.